गुरूच्या घराला परगावचे हात

खडूर साहिब हे पंजाबातल्या तरनतारन जिल्ह्यातलं गाव. तिथून ग्वाल्हेरचा किल्ला सातशे-आठशे किलोमीटर लांब. १९७० आणि १९८० च्या दशकांत गव्हाची कापणी आटोपली की त्या भागातले शेतकरी ट्रकमध्ये धान्याच्या पोत्यांशेजारी बसून आमच्या गावी यायचे. किल्ल्यावर मुक्काम करायचे आणि दिवसभर दगड, विटा, वाळू वाहायचे. मजुरी घ्यायचे नाहीत. नाव कुठे लिहा असंही म्हणायचे नाहीत. भाताच्या लावणीचे दिवस जवळ आले की ही मंडळी परतायची आणि त्यांच्या जागी दुसरी यायची. किल्ल्यावरचा दाता बंदी छोड गुरुद्वारा असा उभा राहिला. या कामाला कारसेवा म्हणतात. हा शब्द ऐकला की मराठी वाचकाला अयोध्या आठवते, पण शिखांमध्ये ही रीत चारशेहून अधिक वर्षं चालत आली आहे. मी लिहिते आहे ती याच रीतीबद्दल.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली, गोरखीतली. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला पडली आणि तिचंच पुढे शहर झालं. गोरखी म्हणजे शिंद्यांचा जुना वाडा. त्यांचं देवघर अजून तिथेच आहे आणि दसऱ्याला घराण्यातली माणसं पूजेला येतात. मन्सूर शाह या बीडच्या सूफी फकिराला शिंदे गुरू मानत आले. त्यांची आठवणही त्याच देवघरात जपलेली आहे. अटलबिहारी वाजपेयी ज्या शाळेत शिकले ती गोरखी शाळाही इथलीच. मी त्या शाळेवरून रोज जायचे. पुढे ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले. त्यामुळे या विषयाकडे मी भक्तीच्या नजरेनं पाहते, तितकीच ओळंब्याच्या नजरेनंही पाहते.

आमच्या शेजारी फाळणीनंतर आलेलं एक पंजाबी कुटुंब होतं. त्या घरातल्या आजीला सगळी गल्ली बीजी म्हणायची. बीजी रविवारी किल्ल्यावर सेवेला जायच्या. आईला म्हणायच्या, "ताई, मुलीला माझ्याबरोबर सोडा, घरी बसून काय करेल?" आई सोडायची. उरवाईच्या बाजूनं आम्ही चढायचो. दोन्हीकडे कातळ, कातळात कोरलेल्या तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती आणि मधून तो अरुंद चढाचा रस्ता. सामानाच्या गाड्या त्याच रस्त्यानं कण्हत वर जायच्या.

ही जागा गुरुद्वाऱ्याची कशी झाली, ते आधी सांगते. मुघलांच्या काळात ग्वाल्हेरचा किल्ला राजकैद्यांचा तुरुंग होता. औरंगजेबानं आपला भाऊ मुराद याला इथेच ठेवलं आणि इथेच मारलं. त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, जहांगीरनं शिखांचे सहावे गुरू हरगोबिंद यांना इथे कैद केलं. त्यांचे वडील गुरू अर्जन १६०६ मध्ये लाहोरला त्याच बादशहाच्या हुकमानं मारले गेले होते. परंपरा सांगते की सुटकेचा हुकूम आला तेव्हा गुरूंनी एकट्यानं बाहेर पडायला नकार दिला. आपल्याबरोबर बावन्न कैदी राजेही सुटले पाहिजेत, असं ते म्हणाले. जितके राजे गुरूंचं वस्त्र धरून बाहेर येतील तितके सुटतील, अशी अट पडली. तेव्हा बावन्न कळ्यांचा चोळा शिवला गेला आणि एकेका राजानं एकेक टोक धरलं. म्हणून ते 'दाता बंदी छोड', कैद्यांना सोडवणारे. शीख लोक दिवाळीच्या दिवशी बंदी छोड दिवस पाळतात तो याच घटनेचा. त्या जागेवरचा दिवा कित्येक पिढ्या मुसलमान फकिरांनी सांभाळला, असंही इथली जुनी माणसं सांगतात. गोरखीच्या देवघराजवळ वाढलेल्या मला त्याचं कधी नवल वाटलं नाही.

फाळणीनंतर शिखांनी ही जागा हाती घेतली आणि खडूर साहिबच्या कारसेवा संप्रदायाचे संत बाबा उत्तमसिंग यांच्या पुढाकारानं मोठं बांधकाम सुरू झालं.

आता कामाबद्दल. बांधकाम पाहायला गेलेल्या माणसाला वाटतं, हजार हात लागले की इमारत झाली. तसं नसतं. अननुभवी हजार माणसं भिंतीला लावली तर भिंत वाकडी होते. कारसेवेत कामाची वाटणी फार शहाणपणानं केलेली असते. ओळंबा, पाण्याची लेव्हल-नळी, सळ्यांची बांधणी, सेंट्रिंग, कमानीचा वळसा, संगमरवराचा जोड ही कामं मिस्त्री करतात, आणि ते आपल्या कामात पक्के असतात. सेवेकऱ्यांनी करायची ती कामं वेगळी: पाया खोदणं, खडी फोडणं, वाळू चाळणं, विटा भिजवणं, घमेली वाहणं, भिंतींवर पाणी मारणं आणि शेवटी संगमरवराची घिसाई. घिसाईला आम्हा बायका बसायचो. हातात खरखरीत बट्टी, वरून पाण्याची धार, आणि गोल गोल हात फिरवत राहायचं. दुपारपर्यंत बोटांची कातडी पांढरी पडायची. पण दगडात आपला चेहरा उमटायला लागला की उठवत नसे.

लोकांचे हात खरे उपयोगी पडतात ते स्लॅबच्या दिवशी. सिमेंटात पाणी मिसळलं की अर्ध्या-पाऊण तासात ते आवळायला लागतं. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, तेव्हा तर त्याहूनही लवकर. एका बाजूचं काँक्रीट आवळलं आणि दुसरं त्याला उशिरा येऊन भेटलं तर दोघांमध्ये सांधा राहतो, आणि पुढे पाणी तिथूनच झिरपतं. म्हणून स्लॅब एकदा सुरू झाला की थांबवायचा नाही. ठेकेदाराकडे मोजके मजूर असतात, त्यांना जेवायला सोडलं की काम थांबतं. किल्ल्यावर तसं होत नसे. खालच्या ढिगापासून वरच्या पाट्यांपर्यंत माणसांच्या दोन रांगा लागायच्या. एका रांगेतून भरलेली घमेली वर जायची, दुसरीतून रिकामी खाली यायची. रिकाम्या रांगेत मुलं असत. कोणी दमला की मागचा त्याची जागा घ्यायचा. जेवायला जायचं तेही पाळीनं. रांगेत वकील असे, ट्रक ड्रायव्हर असे, शाळेतल्या बाई असत, आणि कोण कोण आहे हे कोणी विचारत नसे. "सतनाम वाहेगुरू"चा ठेका चालायचा. त्या ठेक्यात भक्ती होतीच, शिवाय सगळ्यांचे हात एकाच लयीत ठेवायला त्याचा उपयोग व्हायचा. हे मला पुढे नोकरीत बांधकामांवर फिरायला लागल्यावर समजलं, कारण तिथे असा ठेका नसायचा आणि घमेली आदळायची.

स्लॅब झाल्यावर किमान सात दिवस त्यावर पाणी उभं ठेवावं लागतं. या कंटाळवाण्या कामाला उत्साही माणूस सहसा मिळत नाही. पंजाबातून आलेले म्हातारे शेतकरी ते काम मागून घ्यायचे. शेतात पाणी देणाऱ्या माणसाला पाण्याची वेळ चुकवता येत नाही. किल्ल्यावर पाणी दुर्मीळ, जुन्या तलावांवर किंवा खालून आणलेल्या टाक्यांवर भागवायचं. तरी त्यांनी स्लॅब कधी कोरडा पडू दिला नाही. त्यातल्या एकांना मी विचारलं होतं, "बाबाजी, घरची आठवण येत नाही का?" ते म्हणाले, घरी सून म्हशी बघते, मुलगा शेत बघतो, इथलं मला बघायचं आहे. आणि परत पाणी मारायला लागले.

एवढ्या माणसांना जेवू कोण घालतं? लंगर. धान्य पंजाबच्या शेतांतून यायचं, भाजी-दूध ग्वाल्हेरच्या घरांतून. डाळ, पोळ्या, कधी खीर. जमिनीवर एका पंगतीत बसायचं आणि वाढणाऱ्यापुढे दोन्ही हात पसरून पोळी घ्यायची. पोळ्या लाटणं, भांडी घासणं, जोडे सांभाळणं हेही बांधकामाच्या तोडीचं मानलं जातं. शिस्त कडक असते. डोकं झाकलेलं हवं, तंबाखू-दारू चालत नाही, आणि मुख्य म्हणजे मिस्त्री सांगेल ते निमूट ऐकायचं. दाढी पिकलेला जमीनदार तरुण मिस्त्रीचं बोलणं खाली मान घालून ऐकतो, हे दृश्य मी इतर कुठल्या बांधकामावर पाहिलं नाही.

ही रीत सुरू झाली ती तळी खोदण्यातून. गुरू रामदासांनी १५७७ च्या सुमारास अमृतसरचं सरोवर खोदायला घेतलं ते शिष्यांच्या हातांनी. त्यांचे पुत्र गुरू अर्जन यांनी त्याच्या मध्यावर हरिमंदिर बांधलं आणि १६०४ मध्ये तिथे आदि ग्रंथ ठेवला. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. सरोवरात गाळ साठतो, मग पाणी उपसून तो काढावा लागतो. १९२३ साली, पुन्हा १९७३ साली आणि २००४ साली असा गाळ काढला गेला, आणि प्रत्येक वेळी दूरदूरची माणसं टोपल्या घेऊन आली.

ख्रिस्ती जगातही याला जुनी परंपरा आहे. फ्रान्समधल्या शार्त्र इथे कॅथेड्रल बांधायला ११४५ साली माणसांनी स्वतः गाड्या ओढल्या. रूआंचे आर्चबिशप ह्यू यांनी त्याच वर्षीच्या एका पत्रात त्याचं वर्णन केलं आहे. त्यातली अट मला फार मोलाची वाटते. गाडीला हात लावण्याआधी माणसानं आपल्या पापांची कबुली द्यायची आणि ज्याच्याशी वैर आहे त्याच्याशी समेट करायचा. त्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही.

आज अमेरिकेतल्या चर्चचे गट सुट्टीत मेक्सिको, ग्वाटेमाला, हैती अशा देशांत जातात. आठवडाभरात चर्चची किंवा शाळेची एखादी खोली बांधतात आणि परत येतात. हेतू चांगलाच असतो. पण यावर कठोर टीका ख्रिस्ती अभ्यासकांनीही केली आहे. स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट यांचं 'व्हेन हेल्पिंग हर्ट्स' हे २००९ चं पुस्तक याच प्रश्नावर आहे. विमानाच्या तिकिटांवर जेवढा पैसा जातो, तेवढ्यात गावातल्या गवंड्यांना कितीतरी महिन्यांची मजुरी मिळाली असती. ज्याला थापी धरता येत नाही तो समुद्र ओलांडून येतो आणि ज्याला धरता येते तो गावातच बेकार बसतो. हे मला पटतं. तरी लांबून आलेला प्रत्येक हात निरुपयोगी, असा निष्कर्ष मी काढणार नाही. किल्ल्यावर मिस्त्रीचं काम मिस्त्रीकडेच राहिलं. बाहेरच्यांनी फक्त ओझं आपल्या डोक्यावर घेतलं, आणि आपलं धान्य आपणच आणलं, गावावर भार टाकला नाही.

दुसरी गोष्ट, काम कोणाला हवं आहे ही. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल हे स्विस गृहस्थ काही सोबत्यांना घेऊन व्हर्दूनजवळच्या एन या उद्ध्वस्त फ्रेंच गावात घरं उभारायला गेले. त्या तुकडीत जर्मनही होते. ज्यांनी गाव मोडलं त्यांच्यातल्यांनीच ते बांधावं, असा त्यामागचा विचार. काम चांगलं चाललं होतं, पण जर्मन माणसं समोर पाहणं त्या भागाला सोसवलं नाही आणि काही महिन्यांत तुकडीला निघावं लागलं. सेरेसोल खचले नाहीत. त्यांची संघटना सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल पुढे वाढली. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर ते स्वतः बिहारमध्ये येऊन गावं वसवण्याच्या कामाला लागले. १९५० च्या दशकात याच संघटनेचे निरनिराळ्या देशांतले तरुण वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात आले आणि त्यांनी दवाखान्याच्या सुरुवातीच्या इमारती कुष्ठरुग्णांच्या बरोबरीनं बांधल्या. कुष्ठरुग्णाच्या हातचं पाणीही कोणी घेत नसे, त्या काळात परदेशी मुलं त्यांच्याबरोबर राहतात, जेवतात, विटा रचतात हे वरोऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं. माझ्या मते त्या भिंतींपेक्षा हे पाहणं मोठं होतं. एनमध्ये तेच हात परके ठरले, आनंदवनात आपले झाले. हातांत फरक नव्हता. आनंदवनानं त्यांना बोलावलं होतं.

कारसेवेचा एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे, कारण मी जुन्या इमारतींवर जीव लावून बसलेली बाई आहे. हात पुष्कळ आणि श्रद्धा अपार असली की जुनं पाडून नवं, चकचकीत बांधण्याचा मोह होतो. पंजाबात कित्येक गुरुद्वाऱ्यांची जुनी चित्रं, लहान विटांचं बांधकाम, चुन्याचे घुमट संगमरवराखाली गेले किंवा पार गेले. मार्च २०१९ मध्ये तरनतारनच्या गुरुद्वाऱ्याची शीख राजवटीच्या काळातली दर्शनी डेवढी, म्हणजे प्रवेशद्वाराची इमारत, कारसेवेच्या माणसांनी रात्री पाडायला घेतली. शिखांनीच संतापून विरोध केला तेव्हा ते काम थांबलं. बांधायला आलेल्या हातांना कुठे थांबायचं हे सांगणारं कोणीतरी लागतं. खडूर साहिबच्या संप्रदायानं मात्र आपले हात वेगळ्या कामाला वळवले. बाबा सेवासिंग यांच्या पुढाकारानं त्यांनी रस्त्यांच्या कडेनं झाडं लावली आणि वाढवली. त्यासाठी २०१० साली बाबा सेवासिंगांना पद्मश्री मिळाली.

मी स्वतः लांब सेवेला गेले ती नांदेडला. गुरू गोबिंदसिंगांचं ऑक्टोबर १७०८ मध्ये तिथे निधन झालं. तिथला सध्याचा सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवला. निजामाच्या राज्यात, लाहोरहून इतक्या दूर, पंजाबातून माणसं आणि पैसा पाठवून. त्यातली काही माणसं तिथेच राहिली. त्यांचे वंशज आज दखनी शीख म्हणवतात आणि उत्तम मराठी बोलतात. २००८ मध्ये गुरुगादीची, म्हणजे ग्रंथालाच गुरू मानण्याच्या आज्ञेची, त्रिशताब्दी होती. तिच्या आधी गावभर घाट, रस्ते, यात्रेकरूंचे निवास यांची कामं चालली होती. मी ग्वाल्हेरला सचखंड एक्सप्रेसमध्ये बसले. अमृतसर ते नांदेड हे दोन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर ती तोडते, आणि वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतो. नांदेडला एका निवासाच्या बांधकामावर मी विटा दिल्या-घेतल्या आणि संध्याकाळी पोळ्या लाटल्या. माझ्या एका बाजूला लुधियान्याची बाई, दुसऱ्या बाजूला परभणीकडची. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला पंजाबी नाही. मला दोन्ही थोडं थोडं येत होतं, म्हणून दिवसभर दुभाषाचं कामही माझ्याकडे. गोरखीत वाढल्याचा असा फायदा झाला.

आता माझी विनंती. ग्वाल्हेरचे मराठी लोक दोन पिढ्यांपासून पुणे, इंदूर, मुंबई आणि परदेशाकडे निघाले आहेत. मागे राहिलेत ते वाडे आणि देवळं. जाड भिंती, चुन्याचं बांधकाम, लाकडी तुळया, गच्चीला भेगा. एकेका देवळामागे एखादे म्हातारे पुजारी आणि दोन-चार घरं उरली आहेत. डागडुजीला पैसा कमी पडतो, पण त्याहून माणसं कमी पडतात. आणि पैसा आला की सोपं म्हणून सिमेंटचा गिलावा मारतात. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट मारू नका. आतली ओल बाहेर पडू शकत नाही, ती भिंत आतून खाते आणि काही वर्षांत गिलाव्यासकट पापुद्रे सुटतात. चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटीच हवी, आणि चुना मळणारा जुना कारागीर ग्वाल्हेरला अजून शोधला तर सापडतो.

ज्यांची मुळं इथली आहेत त्यांनी एखादा उन्हाळा द्यावा. पावसाळ्याआधी, म्हणजे मेच्या अखेरीपर्यंत, गच्च्यांच्या भेगा भरून व्हायला हव्यात. येण्याआधी देवळाच्या माणसांना विचारा, त्यांना काय हवं आहे. कारागिराला मजुरी द्या आणि आपण त्याच्या हाताखाली चुना वाहा. काय काढायचं आणि काय तसंच ठेवायचं हे त्याला आणि गावाला ठरवू द्या. राहायची सोय जुन्या घरांत होते, जेवणाची काळजी आम्ही घेऊ. पुण्याहून ग्वाल्हेर गाडीनं एका रात्रीपेक्षा जास्त दूर आहे, पण खडूर साहिबची माणसं ट्रकमधून आली होती.